तुम्ही विचारलंत म्हणून: डेव्हिएशन म्हणजे नियमभंगच का?

रत्नागिरीत मी इंग्रजी कागदपत्रांचे मराठी भाषांतर करून देतो. पत्र घेऊन येणारा माणूस पुष्कळदा एका शब्दावर बोट ठेवून विचारतो, "यात डेव्हिएशन लिहिले आहे, म्हणजे आम्ही नियम मोडला असे त्यांचे म्हणणे आहे का?" तुमच्या बोटीच्या मार्गाबद्दल आलेल्या पत्रावरून तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून नीट लिहितो.

नियम मोडण्यासाठी इंग्रजीत व्हायोलेशन हा वेगळा शब्द आहे. डेव्हिएशनच्या मुळाशी लॅटिनमधला 'व्हिया' आहे आणि त्याचा अर्थ वाट. ठरलेल्या वाटेपासून बाजूला जाणे झाले, एवढेच हा शब्द सांगतो. दोष कोणाचा, हे पुढच्या मजकुरावरून ठरते. आपल्याकडे कोणी मुद्दाम घरी डोकावले, तर "वाट वाकडी करून आलात" असे आपण कृतज्ञतेने म्हणतोच ना? डेव्हिएशनचा अर्थ इतका नेमका पकडणारा दुसरा मराठी प्रयोग मला सापडलेला नाही.

मिरकरवाड्याच्या जेटीवर एका तांडेलाने मला होकायंत्राच्या काचेजवळ लोखंडी पाना धरून दाखवला होता. आतली तबकडी हळूच फिरली आणि पाना दूर नेताच पुन्हा जागेवर आली. बोटीवरच्या लोखंडामुळे होकायंत्रात पडणाऱ्या या फरकालाही डेव्हिएशनच म्हणतात, आणि तिथे तर कोणी काहीच मोडलेले नसते. (खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांच्यातला फरक म्हणजे व्हेरिएशन, या दोन शब्दांची गल्लत करू नये.)

विम्याच्या कागदात मात्र हा शब्द जड होतो. १९६३ च्या सागरी विमा कायद्यानुसार जहाजाने कायद्याला मान्य कारण नसताना ठरलेला मार्ग सोडला, तर त्या वेळेपासून विमा कंपनी जबाबदारीतून मुक्त होते, मग नुकसान होण्यापूर्वी जहाज मूळ मार्गावर परतलेले असले तरीही. माणसाचा जीव वाचवण्यासाठी किंवा जहाजाच्या सुरक्षिततेसाठी मार्ग सोडणे भाग पडले, तर तोच कायदा ते माफ करतो. कारण संपताच वाजवी तत्परतेने मार्गावर परतावे, एवढी त्याची अपेक्षा असते.

सरकारी मराठीत यासाठी 'विचलन' लिहितात. संख्याशास्त्रातले 'प्रमाण विचलन' मला मान्य आहे. परंतु बांधकामाच्या नोटिशीत मी 'मंजूर नकाशाला सोडून केलेले बांधकाम' असेच लिहितो, कारण ते घरमालकाला एका वाचनात कळते. 'रूल डेव्हिएट केला' हा प्रयोग मात्र टाळावा. इंग्रजीत डेव्हिएटनंतर 'फ्रॉम' येते, जसे मराठीत 'नियमाला सोडून' येते.

तेव्हा तुमच्या पत्राला उत्तर देताना शब्दाशी वाद घालू नका. मार्ग कुठे सोडला, कशासाठी सोडला आणि किती वाजता परत धरला, हे तिन्ही लिहा.