अक्षर कुठे तोडावे?

मे महिन्यातल्या नागपुरी दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरलेला असतो आणि माणूस नसती कामे उकरून काढतो. अशाच एका दुपारी, कोणत्याही एडिटरमध्ये धड उघडत नसलेली जुन्या मराठी मजकुराची एक अवाढव्य फाईल मी तुकडे पाडणाऱ्या 'स्प्लिट' या संगणकीय आज्ञेच्या हवाली केली.

युनिक्स या संगणक-प्रणालीत १९७३ पासून असलेली ही आज्ञा काही न सांगितल्यास दर १००० ओळींना एक तुकडा पाडते, त्यांना एक्सएए, एक्सएबी अशी कोरडी नावे देते आणि मूळ फाईलला हातही लावत नाही. ओळींऐवजी बाइट, म्हणजे संगणकाच्या साठवणीची एकके, मोजून कापायला सांगितले, तर मात्र ती अक्षराचीही पर्वा करत नाही. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, अगदी काना आणि उकारसुद्धा, ३ बाइट घेते. म्हणजे 'नागपूर' या शब्दाचे १८ झाले. दहाव्या बाइटावर सुरी चालली की पहिल्या तुकड्याच्या शेवटी 'नाग' आणि एक प्रश्नचिन्ह उरते, तर दुसऱ्याच्या आरंभी 'प'चे अवशेष आणि आधाराविना लोंबकळणारा दीर्घ उकार.

लहानपणी वडील मासिकांचे अंक नागपूरच्या महाल भागातल्या एका बाइंडरकडून बांधून घेत. तो केवळ जाडी पाहून गठ्ठे पाडी, त्यामुळे एका क्रमशः कथेचा शेवट पुढच्या खंडात गेला. वडिलांनी तक्रार केली, तेव्हा खळीने माखलेली बोटे फडक्याला पुसत तो शांतपणे म्हणाला, "एकबी पान तं नाही फाडलं ना जी, गुरुजी!" एवढे पथ्य तरी त्याने पाळले होते.

वडिलांना हवे होते ते 'सीस्प्लिट' ही दुसरी आज्ञा करते. मजकुरातली खूण शोधून, प्रकरण संपेल तिथे ती कापते. शिवाय स्प्लिटलाही मोठ्या लिपीतला 'सी' हा पर्याय दिला, तर ती बाइटांची मर्यादा सांभाळून शक्यतो ओळ अखंड ठेवते. ओळच मर्यादेहून लांब निघाली, तर तिचाही नाइलाज होतो. खरे पाहता कसेही कापले तरी 'कॅट' या आज्ञेने तुकडे क्रमाने जोडताच मजकूर जसाच्या तसा परत मिळतो, आणि 'सीएमपी' या तुलना करणाऱ्या आज्ञेने मूळ फाईलशी ताडून पाहिल्यास ती काहीच बोलत नाही, म्हणजे सारे ठीक असते. हे ठाऊक असूनही, पुढच्याच मिनिटाला जोडले जाणार असलेले आणि कोणीही वाचणार नसलेले तुकडेसुद्धा मी ओळींवरच पाडतो. संगणकाच्या लेखी हा निव्वळ चोचलेपणा आहे. असेना का!