‘व्रिऊन’चा अभ्यास: पियानोची आस आणि साइन टोन

‘व्रिऊन’ या अल्बमच्या ढंगाने काही करून शिकावं म्हणून पियानोचं रेकॉर्डिंग आणि साइन टोन (यंत्राने काढलेला, एकाच कंपनसंख्येचा शुद्ध सूर) संगणकावरच्या एका प्रोजेक्टमध्ये आणून ठेवले होते, त्यातून आता पहिला ऐकण्याजोगा तुकडा उभा राहिलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: ‘व्रिऊन’ हा जपानी संगीतकार आणि पियानोवादक र्‍यूइची साकामोतो आणि आल्वा नोतो यांचा २००२ सालचा पहिला एकत्र अल्बम. आल्वा नोतो म्हणजे जर्मनीतल्या केम्निट्झचे कार्स्टन निकोलाई. साकामोतो पियानोच्या फाइल पाठवायचे आणि निकोलाई त्यांवर काम करायचे. ट्रॅक फक्त सहा. ज्यांनी १९७८ मध्ये होसोनो आणि ताकाहाशी यांच्यासोबत यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा गट उभा केला, सिंथेसायझरवर अख्खी पिढी घडवली, ते साकामोतो इथे पियानोपुरतेच राहतात आणि इलेक्ट्रॉनिक्स दुसऱ्याच्या हाती देतात. मला या अल्बममधलं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

आता मुद्द्याचं. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर माझं मत पक्कं झालंय, की यातली खरी भागीदारी स्वर वाजून गेल्यानंतर सुरू होते. साकामोतो एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही स्वर, वाजवतात आणि थांबतात. त्या कॉर्डची आस, म्हणजे वाजवल्यानंतर विरत जाणारा नाद, ही निकोलाईंची जागा. त्यामुळे मी आधी चाल रचण्याचा नाद सोडला आणि एकाच स्वराची आस नीट ऐकायला घेतली.

२२० हर्ट्झचा ‘ए’ घेतला. पियानोत मधल्या पट्टीला एका स्वराला तीन तारा असतात, म्हणून स्वर आधी झपाट्याने उतरतो आणि मग हळू, लांबत जातो. या दुसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीला २२१ हर्ट्झचा साइन टोन अगदी बारीक आवाजात सोडला. एका हर्ट्झच्या फरकामुळे सेकंदाला एक हेलकावा येतो, म्हणजे आवाज एकदा फुगतो आणि ओसरतो. पण खरी गंमत पुढे आहे. सुरुवातीला पियानो मोठा असतो, त्यामुळे हेलकावा जेमतेम जाणवतो. आस ओसरत साइनच्या पातळीला आली की तो सगळ्यात ठळक होतो, आणि पियानो विरला की मागे निव्वळ साइन उरतो. ऑटोमेशनची (सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पातळी आखून बदलण्याची) एकही रेघ न ओढता आवाजाला स्वतःची चढउतार मिळते! हे हेडफोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला.

साइनची पातळी मात्र जपा. जराशी वाढवली तरी फ्रीजच्या घरघरीसारखा तो पियानोपासून वेगळा पडतो.

‘व्रिऊन’मध्ये पियानोसोबत जे टिक्-टिक् आवाज येतात, त्यांचं काम तुलनेने सोपं निघालं. लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) ध्वनिलहर जिथे शून्यरेषा ओलांडते तिथे न कापता मधेच कापला की टिक् येतो. एरवी आपण क्रॉसफेड टाकून, म्हणजे दोन टोकं एकमेकांत विरघळवून, तो मारतो, इथे मुद्दाम ठेवायचा. पियानोच्या एकाच कॉर्डमधून वेगवेगळ्या जागी कापलेले तुकडे घेतले, प्रत्येकाचा टिक् थोडा निराळा लागतो. लो-कट (खालचे स्वर गाळणारा फिल्टर) वर चढवला की छान कोरडे होतात. रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखा घुमारा, अजिबात नाही. ताल मात्र विरळच ठेवलाय, दाट केला की कान त्याच्यामागे धावतो आणि आस हरवते.

याच दोघांचा २००५ चा ‘इन्सेन’ अल्बमही शेजारी ठेवून ऐकतेय. तिथे चाली जास्त स्पष्ट आहेत आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी तोच देईन. पण शिकायला ‘व्रिऊन’ बरा, कारण लपायला जागाच नाही. त्यांचा २००८ चा, एन्सेंबल मॉडर्न या वाद्यवृंदाबरोबरचा ‘यूटीपी’ सध्या बाजूला ठेवलाय, वाद्यवृंदापर्यंत माझी मजल अजून गेलेली नाही.

पुढचं काम खालच्या पट्टीचं. जाड तारांचे वरचे स्वरांश (मूळ स्वरासोबत वाजणारे त्याच्या पटीतले उंच सूर) गणितापेक्षा किंचित चढे असतात, म्हणून साइन मूळ स्वराच्या नेमक्या पटीत लावला तरी हेलकावे येतात. कुठे किती येतात ते स्वर-स्वर घेऊन मांडायचंय. सॅम्पल लायब्ररीतले खालचे स्वर लूप केलेले असल्याने त्यांची आस खरी नाही. कुणाच्या घरी खराखुरा अपराइट पियानो असेल, तर सगळ्यात खालच्या दोन सप्तकांतले स्वर एकेक करून, पियानोची की (बटण) दाबूनच ठेवून, पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्ड करून पाठवाल का? फोनवरचं रेकॉर्डिंगही चालेल, फक्त पंखा बंद ठेवा.