तयार झाड विकत का घेत नाही?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो, आणि सांगलीच्या घरी गच्चीवर येणारे बहुतेक जण हेच विचारतात म्हणूनही: रोपवाटिकेत तयार बोन्साय मिळत असताना मी डाळिंबाच्या काड्या रुजवत का बसतो, आणि एवढे करून एकही झाड उथळ कुंडीत का दिसत नाही?

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. उथळ कुंडीत गेल्यावर खोडाची जाडी फारशी वाढत नाही. म्हणून काडीपासून केलेले झाड आधी काही वर्षे मोठ्या पिशवीत मोकळे वाढू द्यावे लागते. त्यातून बोन्सायची पाने लहान होत जातात, फळ मात्र आपल्या आकाराचेच राहते. भगवा या डाळिंबाच्या जातीचे फळ पेलायचे तर खोड तसे हवे.

पहिल्या शंकेला मी आजवर ‘छंद’ एवढेच उत्तर देत आलो. ते खरे नव्हे. आटपाडीकडची आमची डाळिंबाची बाग तेल्या या जिवाणूजन्य रोगाने गेली. ती काढायचे ठरले त्या हिवाळ्यात मी गावी होतो. जेसीबीचे बकेट बुंध्याखाली शिरले की झाड मुळांसकट वर येई, ठिबकची नळी त्याच्याबरोबर ताणली जाऊन तुटे, आणि चालक पुढच्या झाडाकडे वळे. अण्णा बांधावर उभे राहून ओळी मोजत होते, लागवडीच्या वेळी मोजल्या होत्या तशाच. पडलेल्या झाडांतून, ज्यांच्या पेरांवर काळा चट्टा दिसत नव्हता अशा पेन्सिलीएवढ्या जाड काड्या मी कापल्या, डोळ्याखाली तिरका काप देऊन वीतभर लांबीच्या केल्या आणि ओल्या पोत्यात गुंडाळल्या. “रानात टिकलं न्हाई, ते कुंडीत काय टिकवणार?” एवढेच अण्णा म्हणाले. त्यांनी अडवले नाही, यालाच मी परवानगी समजलो. आज तसे छातीठोकपणे म्हणवत नाही.

अर्धी वाळू आणि अर्धे कोकोपीट घालून काड्या लावल्या. कोंब फुटले तेव्हा घरात आनंद झाला. पण काडी आधी स्वतःच्या साठ्यावर पाने काढते, मुळे फुटलेलीच असतील असे नाही, आणि साठा संपला की पाने माना टाकतात. बऱ्याच काड्या तशाच गेल्या. उरलेल्या उपटून मुळे पाहण्याची इच्छा कशी आवरली, ते माझे मला ठाऊक.

तुमच्यातले बागायतदार म्हणतील की रोगट बागेतली काडी घेऊच नये, कारण तेल्याचा जिवाणू काडीबरोबरच पुढे जातो. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्लाही रोगमुक्त लागवड साहित्याचाच आहे, आणि तो मला तेव्हाही ठाऊक होता. आपण विकायला नव्हे, घरी ठेवायला नेतो आहोत, अशी तेव्हा मी मनाची समजूत घातली; जिवाणूला हा फरक कोण समजावणार होते, असे आज त्या मनाला विचारावेसे वाटते. तरीही विकतचे झाड कितीही निरोगी असले तरी ते आमच्या रानातले नव्हे, आणि काडीतून मूळचे झाडच पुढे चालू राहते. हे अण्णांना सांगण्याचे धाडस मात्र अजून झालेले नाही.

गेल्या पावसाळ्यात एका झाडाच्या पानांवर ठिपके दिसले. ते तेल्याचेच की आणखी कशाचे, याची तपासणी न करता मी ते जाळून टाकले. बाकीची झाडे वरून तरी स्वच्छ दिसतात. त्यांची काडी मात्र कोणी मागू नये. तुमच्यापैकी अनेकांच्या बागा अजून उभ्या आहेत.