चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे

मंगळवार, रात्री अकरा

मुलाखत झाली. ती कशी झाली आणि पुढे काय होईल, हे आज लिहीत नाही, कारण त्यातले बरेचसे माझ्या हातात नाही. आज लिहायचे आहे ते मुलाखतीच्या आधी बंद पडलेल्या लिफ्टमध्ये काढलेल्या चाळीस मिनिटांविषयी आणि तिथे भेटलेल्या एका गृहस्थांविषयी, ज्यांचे नाव विचारायचे माझ्याकडून राहूनच गेले.

आधी माझ्या मनःस्थितीची नोंद करून ठेवते, नाहीतर काही वर्षांनी ही पाने चाळताना त्या बोलण्याचे एवढे अप्रूप का वाटले, ते माझे मलाच कळायचे नाही. ज्या विभागात अकरा वर्षे काम केले तो चार महिन्यांपूर्वी बंद झाला. कोणी वाईट वागले असे नाही. पत्र आले, हिशोब मिटला, निरोपाची भाषणे झाली. त्यानंतर मी अठरा ठिकाणी अर्ज केले आणि ज्या एका ठिकाणाहून बोलावणे आले, ती जागा माझ्या आधीच्या जागेपेक्षा दोन पायऱ्या खालची आहे. जे काम मी इतरांचे तपासत असे, ते आता मी करायचे आणि तपासणार दुसरे कोणीतरी. सकाळी घरातून निघतानाही जायचे की नाही हे माझे ठरलेले नव्हते, इमारतीच्या दाराशी पोहोचल्यावर परत फिरावे असे दोनदा मनात आले, आणि समोर लिफ्ट उघडी दिसली म्हणून, केवळ तेवढ्यासाठी, मी आत शिरले.

आत सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ उभे होते, काखेत कागदांची फाईल. सातचे बटण आधीच लागलेले होते, मी नऊचे दाबले. दार मिटता मिटता अडखळले, पुन्हा उघडले आणि दुसऱ्या खेपेला कुरकुरत बंद झाले. त्या गृहस्थांनी मान खाली घालून दाराच्या उंबरठ्याकडे क्षणभर पाहिले, पण तेव्हा मला त्यात काही विशेष वाटले नाही. चौथा मजला मागे पडला आणि दिवे गेले. एक हिसका बसला, पंख्याची घरघर थांबली आणि छतातला एक मिणमिणता दिवा तेवढा लागला.

मी काय केले ते लिहिताना आता लाज वाटते. दोन्ही हातांची बोटे दाराच्या फटीत घालून मी जोर लावायला सुरुवात केली.

"ताई, तेवढं करू नका," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, मला हातही लावला नाही. माझ्या हातांच्या आणि दाराच्या मधे फक्त आपला डावा पंजा आडवा धरला. त्या पंजाची शेवटची दोन बोटे मुळापासून नव्हती.

मग त्यांनी घंटेचे बटण दाबून ठेवले. जाळीतून पहारेकऱ्याचा आवाज आला, की वीज गेली आहे, जनरेटर चालू होत नाही, माणूस बोलावला आहे, अर्धा तास तरी लागेल. "सावकाश येऊ द्या, आम्ही दोघं आहोत, ठीक आहोत," असे त्याला सांगून ते भिंतीला पाठ टेकून खाली बसले, आणि मलाही बसायला सांगितले. "चौतीस वर्षं लिफ्टच बसवल्या आणि दुरुस्त केल्या मी. हा काही बंद डबा नाही, हवा यायला फटी ठेवलेल्या असतात. आत बसून राहिलेल्या माणसाला काही होत नाही. जो दार उघडून दोन मजल्यांच्या मधून बाहेर पडायला जातो, त्याचं काही खरं नसतं. नेमकी तेव्हाच लिफ्ट हलते, नाहीतर पाय घसरून तो खाली शाफ्टमध्ये जातो."

मी विचारले ते सगळे जण विचारत असावेत, "पण काका, दोर तुटला तर?"

त्यावर त्यांना हसू आले. दोर एक नसतो, चार-सहा असतात आणि त्यातला एकेक दोर भरलेली लिफ्ट पेलू शकेल एवढा दणकट असतो, हे त्यांनी सांगितले. आणि सगळे तुटले तरी गाडीच्या खाली पकड असते, जी वेग वाढताच दोन्ही बाजूंचे रूळ आवळून धरते. ही पकड ज्या माणसाच्या कल्पनेतून आली, त्या एलिशा ओटिसने 1854 साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात स्वतः उघड्या फळीवर उंच उभे राहून, गर्दीसमोर वरचा दोर तोडायला लावला होता. फळी जेमतेम काही इंच खाली आली आणि थांबली. घरी आल्यावर मी हे पडताळून पाहिले. तेव्हा ओटिस चाळिशी ओलांडलेला होता, त्याची आधीची गिरणी चालली नव्हती, आणि ती पकड त्याने काढली होती दुसऱ्याच्या पलंगांच्या कारखान्यात नोकरी करताना, सामान वर चढवण्याच्या सोयीसाठी. लोकांना घेऊन जाणारी त्याची पहिली लिफ्ट 1857 मध्ये पाच मजली दुकानात लागली.

"आणि अगदीच व्हायचं ते झालं तरी माणूस वाचतो कधीकधी," असे म्हणून त्यांनी एम्पायर स्टेट बिल्डिंगची हकीकत सांगितली. 28 जुलै 1945 रोजी धुक्यात वाट चुकलेले लष्करी विमान त्या इमारतीच्या 79 व्या मजल्याच्या आसपास आदळले, एका लिफ्टचे दोर तुटले आणि लिफ्ट चालवणारी बेटी लू ऑलिव्हर 75 मजले खाली कोसळली, तरी जगली. लिफ्टच्या धंद्यातल्या माणसांना ही गोष्ट, क्रिकेटच्या शौकिनाला जुन्या सामन्यांचे धावफलक पाठ असावेत तशी, पाठ असते असे दिसते. अडकलेल्या बाईला धीर देण्यासाठी हीच गोष्ट निवडावी, याचे मात्र मला अजूनही नवल वाटते.

खरी गोष्ट त्यानंतर निघाली. मी म्हटले, की वीज गेल्यावर आपल्याला धरून ठेवायला काहीच उरत नसेल, या विचाराने पोटात गोळा येतो.

"सगळ्यांना तसंच वाटतं, वीज लिफ्टला धरून ठेवते म्हणून," ते म्हणाले. "आहे उलटं. ब्रेक स्प्रिंगनं कायम आवळलेलाच असतो. वीज येते ती ब्रेक सोडवायला. वीज गेली की स्प्रिंग आपलं काम करते. थांबायला काहीच लागत नाही, लागतं ते चालायला."

हे वाक्य त्यांनी कुठलाही रंग न देता, नळाचा आटा कसा फिरतो ते सांगावे तसे सांगितले. मला प्रेरणा देणाऱ्या बोलण्याचा मनापासून तिटकारा आहे, आणि या चार महिन्यांत तर 'एक दार बंद झालं की दुसरं उघडतं' हे इतक्यांनी ऐकवले होते, की दार हा शब्दच नकोसा झाला होता. कदाचित म्हणूनच हे यंत्राचे साधे बोलणे आत शिरले. आपण चालत होतो हेच स्वाभाविक आणि थांबलो हा बिघाड, असे धरून मी चार महिने तो बिघाड कोणाचा हे शोधत बसले होते.

त्यांच्या हाताविषयी मी विचारले नव्हते. माझी नजर तिकडे जाते हे ओळखून तेच बोलू लागले. एक्केचाळीसाव्या वर्षी मशिन रूममध्ये दोर पुसत असताना, खालच्या मदतनिसाला त्यांची हाक चुकीची ऐकू आली, त्याने लिफ्ट चालू केली आणि हात दोर आणि पुली यांच्यामध्ये सापडला. चूक कोणाची, असे मी विचारल्यावर ते म्हणाले, "माझी जास्त. मेन स्विच पाडून त्याला कुलूप घालायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम म्हणून घातलं नाही."

आठ महिन्यांनी ते कामावर गेले तेव्हा डाव्या हातात पाना ठरत नव्हता. वरिष्ठांनी टेबलावर बसून फोनवर तक्रारी लिहून घ्यायला सांगितले. ते तीन आठवडे बसले आणि मग त्यांनी स्वतःहून पिट मागून घेतला. पिट म्हणजे शाफ्टच्या तळाचा खड्डा. तिथले सांडलेले तेल पुसणे, कचरा काढणे, वरून पडलेल्या किल्ल्या, नाणी, कानातले गोळा करणे, ही कामे नव्या पोरांना देतात. ज्या पोराला त्यांनी काम शिकवले होते, तो आता वरून बॅटरीचा उजेड दाखवत असे आणि हे खाली वाकून झाडत असत.

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. रोज वाटायचं," ते म्हणाले. "पण वाईट वाटत असताना झाडता येतं की."

पुढे त्यांनी हात कसा वळवला, ते मला दाखवले. खिशातले पेन काढून, पाना असावा तसे अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांत धरले, मनगट आत दुमडले आणि बोटांऐवजी सगळा जोर कोपरातून दिला. पेन जरासुद्धा हलले नाही. पिटमध्ये कोणी बघायला नसते, हा त्या जागेचा मोठा फायदा, असे त्यांचे म्हणणे. रोजचे काम आटोपले की तिथलाच एखादा बोल्ट ते सोडवत आणि पुन्हा आवळत, पन्नास वेळा, शंभर वेळा. मशिन रूमपर्यंत परत पोहोचायला दीड वर्ष लागले. वर गेल्यावर पहिले काम काय केले, हे त्यांनी सांगितले नसते तरी मी ओळखले असते: मेन स्विच पाडून त्याला कुलूप घातले.

मग मी माझे सांगितले. थोडक्यात सांगायचे ठरवले होते, पण अंधारात माणूस जास्त बोलतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. ना सल्ला दिला, ना हळहळ व्यक्त केली. फक्त एक विचारले, "काम तेच आहे ना, पूर्वी स्वतः करत होता ते?"

"हो. फार वर्षांपूर्वी."

"मग हात विसरलेला नसेल," ते म्हणाले आणि विषय तिथेच संपला.

दिवे आले तेव्हा आम्ही दोघेही गप्प होतो. पंखा घरघरला, लिफ्ट हलली, आणि मी उठून साडीच्या निऱ्या सारख्या करेपर्यंत लक्षात आले, की आम्ही खाली चाललो आहोत. तेही अतिशय हळू.

"खाली का जातेय? आपल्याला वर जायचंय."

"तिला आत्ता माहीतच नाही ती कुठे आहे," ते भिंतीला हात लावून उठत म्हणाले. "वीज गेली की हिच्यासारख्या लिफ्टचा हिशोब पुसला जातो. कितव्या मजल्यावर आहोत, वर किती उरले, काही नाही. म्हणून आधी अशी हळूहळू तळाला जाते, तिथली खूण सापडली की तिथून मोजायला लागते. नव्यांना आठवतं, बॅटरीवर त्या जवळच्या मजल्याला जाऊन दारही उघडतात. हिला नाही आठवत."

मला राहवले नाही. मी म्हटले, "काका, माणसाचंही असंच असतं, नाही?"

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले. "माणसाचं मला नाही माहीत, ताई. मी लिफ्टचं सांगतोय."

तळमजल्यावर दार उघडले. पहारेकरी आणि चार-पाच माणसे समोर उभी होती. पहारेकरी म्हणाला, की बाहेर या, जिन्याने जा, हिचा भरवसा नाही. त्याच्या खांद्यावरून इमारतीचे मोठे दार आणि त्यापलीकडचे ऊन मला स्पष्ट दिसत होते. मुलाखतीची वेळ टळून वीस मिनिटे झाली होती, आणि तेवढे कारण कोणालाही पटण्यासारखे होते. काका बाहेर पडले नाहीत. ते उंबरठ्याशी उकिडवे बसले, दाराच्या खाचेत डाव्या हाताच्या त्या दोन बोटांची चिमटी घातली आणि मातीने माखलेला, नखाएवढा एक स्क्रू अलगद काढून पहारेकऱ्याला दाखवला. "येतानाच बघितला होता," ते म्हणाले आणि स्क्रू सदऱ्याच्या खिशात टाकला.

बटणांचे दिवे विझले होते. त्यांनी सात दाबले. मी नऊ दाबले. दार बंद झाले, या वेळी न अडखळता.