अर्जात लिहिलेलं कारण : आई घरी नव्हती

लेकीच्या मेडिकलच्या अर्जासोबत शाळेने जे पत्र पाठवलं, त्यात एक वाक्य माझ्याबद्दल आहे. परीक्षेच्या वर्षी आई बराच काळ भारतात होती आणि घराची, धाकट्या भावाची जबाबदारी हिच्या अंगावर आली, अशा अर्थाचं. वाक्य खरं आहे. तरी ते वाचल्यापासून माझं डोकं फिरलंय.

सगळं सुरू झालं जीसीएसईवरून. इथली, म्हणजे इंग्लंडमधली, दहावीच म्हणा. ग्रेड ९ ते १, त्यात ९ सर्वांत वरचा. आम्ही २०२१च्या सुरुवातीला आलो तेव्हा शाळा बंद होत्या, म्हणून लेकीची नवी शाळा पुण्याहून आणलेल्या लॅपटॉपवरच सुरू झाली, तीही आठवीच्या मध्यावर. २०२४च्या ऑगस्टमध्ये निकाल लागला. गणित ८, केमिस्ट्री ८, बायोलॉजी ७, फिजिक्स ७. इथपर्यंत ठीक. इंग्रजी भाषा ५, इतिहास ५, इंग्रजी साहित्य ४. चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकातल्या राणीच्या मनात काय चाललंय यावर पानंच्या पानं लिहायची, तीही मूळ संहिता समोर नसताना. मी इंग्रजी माध्यमात शिकलेली बाई, मलाही तिथे ४ मिळाला असता की नाही, देवाला ठाऊक.

मी म्हटलं, जाऊ दे, दहावी तर दहावी. लातूरची आहे मी. दहावीला शंभर टक्के मिळवणाऱ्यांत हल्ली आमचाच विभाग पुढे असतो, आणि अकरावीचा प्रवेश झाला की ते शंभर टक्के कोणी विचारत नाही. नीटसाठी खुल्या वर्गातल्या पोराला बारावीत पीसीबीला ५० टक्के पडले की झालं. पुढे सगळा खेळ ७२०पैकी किती याचा. दहावीत मराठीत किती होते, हे एमबीबीएसला कोणी विचारल्याचं ऐकलंय का?

इथे विचारतात. आणि का विचारतात, ते कळल्यावर मला आधी हसू आलं, मग घाम फुटला. मेडिकलचा अर्ज भरायची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, म्हणजे कॉलेज सुरू व्हायच्या जवळजवळ वर्षभर आधी. तोवर बारावीची, म्हणजे ए-लेव्हलची, परीक्षा झालेलीच नसते. शिक्षक 'हिला इतके मिळतील' असा अंदाज लिहून देतात आणि त्यावर अर्ज जातो. (शिक्षकाच्या अंदाजावर मेडिकलचा अर्ज! आमच्या भावाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "ताई, आपल्याकडे हे केलं तर अंदाजाचेही क्लासेस निघतील.") मग विद्यापीठाच्या हातात पक्के, बोर्डाने दिलेले मार्क उरतात ते फक्त सोळाव्या वर्षीचे. म्हणून तिथे त्यांची नजर जाते.

आता कौतुकाचं. प्रत्येक विद्यापीठ हे मार्क कसे वापरतं, ते उघड लिहून ठेवतं, आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी. कार्डिफ नऊ जीसीएसईंना गुण देऊन त्यावर क्रम लावण्यासाठी ओळखलं जातं, म्हणजे आमच्यासाठी तो रस्ता बंद. ऑक्सफर्ड तुमचे ग्रेड तुमच्याच शाळेच्या एकूण कामगिरीशेजारी ठेवून बघतं. शाळा सामान्य असेल तर त्याच ग्रेडचं वजन वाढतं. काही ठिकाणी इंग्रजी, गणित आणि विज्ञानात ठरावीक ग्रेड असला की पुढे बघतच नाहीत, सगळी मदार यूकॅटवर, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेवर. मेडिकलसाठी जास्तीत जास्त चारच विद्यापीठांत अर्ज करता येतो, पाचवी जागा दुसऱ्या कुठल्या तरी कोर्सला. त्यामुळे चार जागा कुठे टाकायच्या याचं नवऱ्याने एक्सेल केलं. रंग, फिल्टर, सगळं. ऑफिसात इतकं मन लावून केलं असतं तर आज डायरेक्टर असता.

इंग्रजीचा ५ मात्र अनेक ठिकाणी आडवा येत होता. तिथे ६ मागतात. गणित आणि इंग्रजी भाषा या दोनच विषयांची परीक्षा नोव्हेंबरमध्ये पुन्हा देता येते, ती तिने दिली आणि ६ आणला. पण पुन्हा दिलेली परीक्षा धरायची की नाही, याचेही नियम प्रत्येकाचे निराळे, म्हणून एक्सेलमध्ये आणखी एक रकाना.

यूकॅटचं थोडक्यात सांगते. कॉम्प्युटरवर, उन्हाळ्यात कधीतरी स्लॉट घेऊन, वर्षातून एकदाच. शाळेचा अभ्यासक्रम त्यात नसतोच. वाचून निष्कर्ष काढायचा भाग आहे, त्यात २२ मिनिटांत ४४ प्रश्न. तर्क आहे, आकडेमोड आहे, एकूण २७००पैकी स्कोअर. शिवाय दवाखान्यातल्या प्रसंगात कसं वागाल याचे प्रश्न, त्याचा वेगळा बँड, म्हणजे श्रेणी. लेक वरच्या वीस-पंचवीस टक्क्यांत आली. लातुरी रक्त आहे, टायमर लावला की चालतं.

तर ते वाक्य. सप्टेंबरमध्ये सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे शाळेतल्या शेवटच्या दोन वर्षांच्या, बाईंनी आम्हाला बोलावलं. शाळा जे पत्र लिहिते त्यात मार्क कमी पडण्यामागची परिस्थिती सांगायला स्वतंत्र जागा आहे. बाई फार चांगल्या, पहिल्याच वर्षी लेकीला जेवणाच्या सुट्टीत इंग्रजी शिकवणाऱ्या याच. म्हणाल्या, "अकरावीत, म्हणजे जीसीएसईच्या वर्षी, घरी काय चाललं होतं ते लिहायला हवं. तुमची परवानगी आहे ना?" मी म्हटलं, आमच्या घरी काही चाललं नव्हतं. आमचं घर चांगलं आहे. लेकीने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, तू नव्हतीस."

२०२४च्या जानेवारीत बाबांना अर्धांगाचा झटका आला. मी गेले. भाऊ-वहिनी होते, पण वहिनीची नोकरी उदगीरला, आणि बाबांना उचलायला, फिजिओला न्यायला माणूस हवं होतं. परत आले तेव्हा लेकीचे पेपर सुरू झाले होते. नवरा कामाच्या दिवशी सातला घर सोडायचा. मग धाकट्याला शाळेत सोडणं, कुकर, त्याची स्पेलिंगं, हे तिच्याकडे आलं. मी रोज व्हिडिओ कॉलवर होते. कोणती भाजी कशी करायची इथपासून सगळं सांगत होते. आता मला सांगा, लातूरच्या कुठल्या मुलीने वेगळं काही केलं असतं? बापाला अर्धांग झालंय आणि मी इथे बसून राणीच्या मनातलं शिकवू? आमच्याकडे याला कर्तव्य म्हणतात. अर्जात त्याचं 'अडचणीची परिस्थिती' होतं.

हे मला खरोखर लागलं. परिस्थिती सांगून मार्कांची बाजू मांडणं म्हणजे सहानुभूती मागणं, असं आमच्या घरात शिकवलेलं. गरीब घरातली, खरंच संकटात असलेली मुलं असतात, त्यांच्यासाठी ती जागा. आम्ही दोघं इंजिनिअर. मी बाईंना तसं बोललेही. त्या म्हणाल्या, तुम्ही दया मागताय असं ते वाचणार नाहीत, ते फक्त ७ आणि ४मधला फरक समजून घेतील. लिहायचं ते एवढंच की काय घडलं, केव्हा घडलं आणि त्यानंतर मुलगी कशी सावरली. शिवाय शाळेने लिहिलं की विद्यार्थ्याला स्वतःच्या निवेदनात रडगाणं गावं लागत नाही, तिथे तिला मेडिकलबद्दल बोलता येतं. (ते निवेदनही २०२६च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत विभागलंय, सगळं मिळून ४००० अक्षरं, स्पेस धरून.)

मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच जास्त राग आला.

मग रात्री अंथरुणात नीटची बाजू घेऊन मीच माझ्याशी भांडले. तिथे एकच कागद, सगळ्यांना सारखा. २०२५ला २२ लाखांच्या आसपास मुलं बसली, कोणाची आई कुठे होती कोणी विचारलं नाही. चूक उत्तराला एक मार्क कमी, मग तुमच्या घरी लग्न असो की मयत. यात एक सरळपणा आहे की नाही? आता तुम्ही म्हणाल, लातुरात आया गाव सोडून पोरांसोबत खोली करून राहतात, डबे करतात, दोन-दोन वर्षं. हो, राहतात. त्यांचीही परिस्थितीच असते, फक्त ती ७२०च्या आकड्यात आधीच मिसळलेली असते. आणि ज्यांची आई येऊ शकत नाही तो मेसचं खाऊन रिपीट मारतो. नीटला कितीही वेळा बसता येतं, ही सोय मात्र मला आजही इथल्यापेक्षा माणुसकीची वाटते. इथे काही ठिकाणी पुन्हा दिलेल्या परीक्षेकडे भुवई उंचावून बघतात.

परवानगी दिली. सही करताना मी बाईंना एक शब्द बदलायला लावला. 'गैरहजर' ऐवजी 'वडिलांच्या सेवेत'. त्यांनी 'कुटुंबातल्या आजारपणामुळे भारतात' असं केलं. चाललं.

चारपैकी दोन ठिकाणी मुलाखतीला न बोलावता नकार आला. एका ठिकाणी मुलाखत झाली आणि नकार. चौथ्या ठिकाणाहून मार्चमध्ये होकार. मुलाखती म्हणजे पाच-सहा मिनिटांचे वेगवेगळे टप्पे, प्रत्येकाला नवा परीक्षक. एकीत नट रुग्ण बनून बसला होता, त्याला वाईट बातमी सांगायची होती. लेक शनिवारी वृद्धाश्रमात काम करते, तिथल्या आजोबांना भरवताना जसं बोलते तसंच बोलले म्हणाली. तिला विचारलं, जीसीएसईबद्दल काही? म्हणाली, कोणीच काढलं नाही. त्या वाक्याचा उपयोग झाला की नाही, हे आम्हाला कधीच कळणार नाही, आणि मला ते बरंच वाटतं.

होकार सशर्त आहे. मे-जूनमध्ये ए-लेव्हलला तीन ए, त्यात केमिस्ट्री हवीच, तरच जागा. निकाल ऑगस्टच्या मध्यात. हे मी घरच्या ग्रुपवर दोनदा लिहिलं. 'सशर्त' ठळक करून लिहिलं. तरी सासूबाईंनी सोसायटीत पेढे वाटले, वर "नात लंडनला डॉक्टर झाली" असं सांगून. आम्ही लंडनला राहत नाही, कॉलेजही लंडनला नाही, आणि डॉक्टर व्हायला पाच वर्षं आहेत. फोन केला तर म्हणाल्या, "अगं, तिला मिळणारच आहे. आणि नाही मिळालं तर तेव्हाचे पेढे वेगळे."