नायक कामाला कधी जातो?

भाची सुट्टीला आली की जेवणं उरकल्यावर पंख्याखाली आडवी पडते आणि मोबाइलवर कादंबऱ्या निवडत बसते. परवा तिने विचारलं, “मावशी, तुला कुठल्या टाइपचा रोमान्स आवडतो?” आणि उत्तराची वाट न बघता पर्याय वाचायला लागली. आधी भांडण मग प्रेम. खोटं खोटं लग्न मग खरं प्रेम. हॉटेलात एकच खोली, खोलीत एकच पलंग. खडूस नायक आणि हसरी नायिका. ड्यूकवाला. माफियावाला. पुढे लाल मिरच्यांची चित्रं, एक ते पाच, आत कितपत तिखट आहे ते आधीच कळावं म्हणून. मिसळवालासुद्धा इतकी पूर्वसूचना देत नाही.

“डॉक्टरवाला,” मी म्हणाले.

ती उठून बसली. मावशीने ड्यूक म्हटलं असतं तर चाललं असतं बहुतेक.

त्याचं असं आहे की कुठलीही प्रेमकथा हातात घेतली की मी एकच गोष्ट बघते. हा माणूस कामाला कधी जातो? रुंद खांदे, रागीट भुवया, सगळं मान्य. पण याची हजेरी कुठे लागते? मिल्स अँड बून या इंग्रजी प्रेमकथा छापणाऱ्या कंपनीच्या पुस्तकांतला तो ग्रीक जहाजमालक घ्या. कॉलेजात आमच्या वर्गात तो बाकाखालून फिरायचा, एकशेऐंशी-नव्वद पानांचा, कोपरे दुमडून मऊ झालेला. अब्जाधीश आहे, दारात जहाजांचा ताफा आहे, पण एवढ्या पानांत एकही कप्तान फोन करून म्हणत नाही की साहेब, सुएझला अडकलोय. खलाशांचा संप नाही, डिझेलचं बिल नाही. पहिल्या पानावर सेक्रेटरीवर ओरडतो तेवढंच त्याचं ऑफिस. शेवटी तिच्याशीच लग्न करतो, म्हणजे तेही बंद. अरबी शेखाची गोष्ट तर विचारूच नका. राज्य आहे आणि राज्यकारभार नाही.

ड्यूकना, म्हणजे त्या बड्या इंग्रज उमरावांना, मात्र मी वेगळं माप लावते, एवढा न्याय मी करते. या गोष्टी घडतात त्या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडात ड्यूक मुळात मूठभर. कादंबऱ्यांतले गोळा केले तर एक तालुका भरेल. त्यांतला कुणी काम करायला लागला तर अब्रूच जायची त्याची. इंग्रजी कादंबरीकार जॉर्जेट हेयरबाईंच्या नायकांची तर अर्धी सकाळ गळपट्टा बांधण्यात जाते, आणि मी काही बोलत नाही, कारण त्या दुनियेत तेच काम आहे. पण याच बाईंनी १९३७ साली वॉटर्लूवर एक कादंबरी लिहिली. १५ जून १८१५ची रात्र. ब्रुसेल्समध्ये रिचमंडच्या डचेसबाईंकडे नाच रंगलाय आणि बातमी येते की नेपोलियन चाल करून आलाय. कोवळे अधिकारी नाच अर्धा टाकून निघतात. हे इतिहासात खरोखर घडलेलं आहे. काही जण तर मेजवानीच्या कपड्यांतच लढले म्हणतात. तिथून तिसऱ्या दिवशी वॉटर्लू. अशी ड्यूटी लागली की मग त्या आधीच्या गळपट्ट्यालाही किंमत येते. प्रेम करणाऱ्या माणसाला कुठूनतरी बोलावणं आलं पाहिजे, असं माझं म्हणणं.

आपल्याकडे फडके. वडिलांच्या कपाटात ते ओळीने होते, ‘दौलत’, ‘जादूगार’, ‘अटकेपार’. स्वतः फडके तर्कशास्त्राचे प्राध्यापक, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तास घेणारे, ‘प्रतिभासाधन’मध्ये गोष्ट कशी रचावी हे गणितासारखं सोडवून दाखवणारे. आणि यांचे नायक? संध्याकाळी टेनिस, मग चहा, मग टेकडी. नायिकेच्या पातळाचा रंग आणि चहाच्या कपाची नक्षी मला अजून सांगता येईल, पण पगाराची तारीख एकालाही माहीत नसावी. उलट खांडेकरांचा नायक. तो समाजाच्या कामात इतका बुडालेला की प्रेम करायला त्याला सवडच होत नाही; आणि झालीच तर तो एक सुविचार म्हणतो आणि सवड संपते. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद महाराष्ट्राने इतका घातला. मला तो दोन नायकांच्या टाइमटेबलचा वाटतो. (दोघांच्या भक्तांनी रागावू नये. फडके मी अजून वाचते, पावसाळ्यात.)

बाकी सगळं वाचन लायब्ररीतलं. डोंबिवलीत आमच्या गल्लीत जिन्याखाली एक खोली होती, तीत महिना वर्गणीवर पुस्तकं मिळायची. सगळ्यांना सारखीच खाकी कव्हरं, पाठीवर शाईने नंबर. बाहेरून बघणाऱ्याला हातात पानिपत आहे की प्रणय, कळायचं नाही. पुढे कधीतरी वाचलं की मिल्स अँड बूनचाही तोच इतिहास. १९०८ साली निघालेली ही कंपनी सुरुवातीला सगळंच छापायची; १९३०च्या दशकात प्रेमकथांकडे वळली आणि तिकडच्या भाड्याच्या लायब्ऱ्यांत तपकिरी बांधणीवरून ओळखली जायला लागली. लंडन काय आणि डोंबिवली काय, प्रेमाचा रंग खाकीच.

आमच्या लायब्ररीत काकोडकर मात्र फळीवर नसायचे. ते लायब्ररीवाल्या काकांच्या टेबलाखाली. मागायचे म्हणजे नंबर सांगायचा, नाव नाही. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली कोर्टात गेली. मॅजिस्ट्रेटने सोडलं, हायकोर्टाने दोषी धरून २५ रुपये दंड केला, आणि शेवटी १९६९ साली सुप्रीम कोर्टाने निर्दोष ठरवलं. पण सोडताना न्यायमूर्तींनी जे म्हटलं ते मला फार आवडतं. त्याचा मथितार्थ असा, की साहित्य म्हणून हे काही थोर नाही, कच्चं आहे, अभिरुचीही यथातथाच. पण यात कुणी बिघडेल असं काही नाही. सात वर्षं आणि तीन कोर्टं, आणि निकाल अगदी आमच्या शेजारच्या काकूंनी पुस्तक परत करताना द्यावा तसा. मराठी प्रणयकथेचं इतकं समतोल परीक्षण समीक्षकांकडून फारसं वाचायला मिळालेलं नाही. नायक कवी होता, त्यामुळे माझा कामाचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

ही कामाची खोड मला लावली ती आत्याने. आत्या म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात नर्स. इंग्रजी सुधारावं म्हणून तिने डॉक्टर-नर्सच्या मिल्स अँड बून वाचायला घेतल्या. इंग्रजी सुधारलं, पुस्तकं सुटली नाहीत. तिची आवडती बेटी नील्स. ही बाई स्वतः निवृत्त नर्स, नवरा डच. एका लायब्ररीत कुणी बाई चांगल्या प्रेमकथा मिळत नाहीत म्हणून कुरकुरताना ऐकलं आणि लिहायलाच बसली. पहिलं पुस्तक १९६९चं, मग मरेपर्यंत शंभरावर. नायक बहुतेक वेळा धिप्पाड, श्रीमंत डच डॉक्टर, नायिका सिस्टर. आत्याला त्या ‘सिस्टर’चंच हसू यायचं. “आमच्याकडे सिस्टर म्हटलं की राखीच बांधायची बाकी. लग्न कुठून व्हायला!”

तिच्या घड्याळाच्या पट्ट्यात पेन्सिलीचं थुटूक खोचलेलं असायचं. रात्रपाळीहून आली की अंघोळ, चहा आणि पुस्तक, आणि समासात बारीक अक्षरात शेरे. लायब्ररीच्या पुस्तकात लिहू नये हे तिला कोण सांगणार? “सलाइन असं लावत नाहीत.” “याचा राउंड कुठे गेला?” “नर्सच्या टोपीला पिना नाहीत का?” चुंबनाच्या पानावर एकदा फक्त, “वॉर्डात कोण आहे मग?” काका रबर घेऊन ते खोडायचे, पण पुढे पुढे वर्गणीदार बायका आत्याने वाचलेलीच प्रत मागायला लागल्या आणि त्यांनी खोडणं सोडलं. आत्याच्या हातून एखादंच पुस्तक कोऱ्या समासांनी परत जायचं. तेवढं मी लगेच उचलायचे.

मी एकदा तिला विचारलं होतं, की दिवसभर तेच बघतेस, मग घरी येऊन पुन्हा तेच कशाला वाचतेस? एखादा जहाजमालक वाच की. ती चष्मा पुसत होती. म्हणाली, “अगं, यांच्या वॉर्डात कुणी मरत नाही.” मग तिने मला पंख्याचा रेग्युलेटर एकाने कमी करायला सांगितला आणि पुस्तक पुढे चालू केलं.

तेव्हापासून डॉक्टरांना माझ्याकडून सूट आहे. एखाद्या दिवशी राउंड चुकला तर चुकला. पण जहाजमालकांचं मी काही ऐकून घेणार नाही. माणसाने निदान महिन्यातून एकदा तरी बंदरावर जाऊन यावं.