धक्क्याची पाठ

जुन्या बंदराच्या धक्क्यावर गेलं की लोक समुद्राकडे तोंड करून उभे राहतात. मला पाठीमागे बघायला आवडतं. त्या भिंतीचं खरं भांडण समुद्राशी नसतंच मुळी. ते मागच्या मातीशी असतं.

समोर पाणी, मागे भराव आणि भरावावर गोदामं, रूळ, क्रेन, मालाचे ढीग. हा सगळा भार माती भिंतीवर रेटत असते. भरतीचं पाणी समोरून उलट रेटा देतं, म्हणजे मदतच करतं. पंचाईत होते ती ओहोटीला. समोरचा टेकू काही तासांत निघून जातो, पण भरावात मुरलेलं पाणी तेवढ्या चटकन उतरत नाही. म्हणून भिंतीत मुद्दाम भोकं ठेवतात. त्यांतून पाण्याच्या धारा गळताना दिसल्या तर घाबरू नये. गळणं थांबलं, तर मात्र बघावं.

दोर बांधायच्या खुंटांवर माझा विशेष जीव आहे. पूर्वी निकामी तोफा तोंड वर करून अर्ध्या जमिनीत पुरत. पुढे बिडाचे खुंट ओतले गेले, तेही बऱ्याच ठिकाणी त्याच घाटाचे. जुन्या खुंटाच्या मानेवर बोट फिरवावं. दोर घासून पडलेल्या खाचा लागतात.

पाया मात्र दिसत नाही. मऊ गाळात लाकडी खांब ठोकून त्यांवर दगड रचत. गाळात कायम बुडालेलं लाकूड शतकानुशतकं टिकतं, कारण तिथे प्राणवायूच पोचत नाही. वाट लागते ती कधी ओल्या, कधी कोरड्या राहणाऱ्या पट्ट्याची. शिवाय खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा जीव असतोच. १७३०च्या दशकात त्याने हॉलंडच्या समुद्रबांधांची लाकडं अशी खाल्ली, की तिथे दगड आणावे लागले.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदरात भरती-ओहोटीतला फरक फार मोठा. जहाजं तरंगती राहावीत म्हणून तिथे दरवाजे लावून पाणी कोंडणाऱ्या गोद्या बांधल्या. भिंतींनाही आयता टेकू मिळाला. अभियंता जेसी हार्टलीने बांधलेली गोदी, अल्बर्ट डॉक, १८४६मध्ये उघडली. आगीच्या भीतीने त्याने गोदामांच्या बांधणीत लाकूड टाळलं. सगळं वीट, दगड आणि बीड. त्याच वर्षी न्यूकॅसलच्या धक्क्यावर अभियंता आर्मस्ट्राँगची क्रेन शहराच्या नळातल्या पाण्याच्या दाबावर ओझी उचलू लागली.

पुढे जहाजं मोठी झाली, त्यांना खोल पाणी हवं झालं. पण जुन्या भिंतीच्या पायथ्याशी फार उपसलं, तर पायाच उघडा पडतो. त्यात १९५६मध्ये ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला गेलं, आणि धक्क्याला लागून उंच गोदामं हवीत कशाला, असा प्रश्न पडू लागला. अल्बर्ट डॉक १९७२मध्ये बंद झाला आणि गाळाने भरत गेला. १९८८मध्ये त्याच्या गोदामात ‘टेट’ या ब्रिटिश कलासंस्थेचं कलादालन उघडलं. त्याआधी गाळ काढावा लागला, मग चित्रं आली.